लॉकरमधली शाई

लग्नपत्रिकांचा गठ्ठा घरात आला की शांतिलालजींचा चेहरा उजळायचा. जालन्याच्या सदर बाजारात ते बियाण्यांचं दुकान चालवत होते, तेव्हापासून समाजात रीतच पडून गेली होती. पत्रिका छापून आल्या की पाकिटांवरची नावं त्यांच्याकडून लिहून घ्यायची. आता दुकान त्यांचा मुलगा श्रेयांस बघत होता, पण नावं लिहिण्याचं काम त्यांच्याकडेच राहिलं होतं. ते जुन्या शाईच्या पेनांनीच लिहीत. बारीक अक्षराला एक पेन, ठसठशीत अक्षराला दुसरं. एखाद्या पेनाची निब तिरकी घासलेली असायची. त्यातून उतरलेलं नाव बोरूनं लिहिल्यासारखं जाड-बारीक वळणं घ्यायचं, आणि लोक पत्रिका वाचायच्या आधी पाकीटच निरखत बसायचे.

ही पेनं त्यांनी कुठून कुठून जमवली होती. अंबडच्या एका वकिलाच्या घरातून, परतूरच्या एका निवृत्त मास्तरांकडून, हैदराबादच्या जुन्या बाजारातून. घरी आणलं की पेन कोमट पाण्यात भिजत घालायचे, वाळून खडा झालेली शाई सुटली की उघडायचे, आतली कडक झालेली रबरी पिशवी काढून नवी बसवायचे. मग ड्रॉपरनं किंवा पेनाची तरफ ओढून शाई भरायची आणि पहिली रेघ मारायची. ती रेघ न अडकता उतरली की ते स्वतःशीच हसायचे.

त्यांच्या पत्नीला, सुगनबाईंना, या छंदाचा वीट आला होता. एकदा परभणीच्या स्टेशनवर त्यांना बाकावर बसवून शांतिलालजी "आलोच" म्हणून गेले ते कुणाचं तरी पेन बघायला, आणि गाडी निघून गेल्यावर परतले. त्या चातुर्मासात सुगनबाईंनी त्यांना जैन स्थानकात महाराजांपुढे उभं केलं. शांतिलालजींनी हात जोडून नियम घेतला, की आहेत तेवढी पेनं पुरे, यापुढे एकही नवं घेणार नाही. त्यानंतर घरात नवं पेन कुणी पाहिलं नाही. टेबलावरच्या लाकडी पेटीत होती तेवढीच राहिली.

शिखा या घरची सून. यंदा शांतिलालजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आणि श्रेयांस त्यांना घेऊन संभाजीनगरला गेला. रात्रभर तिथंच मुक्काम होता. सासऱ्यांना डोळा नवा मिळतोय तर त्यांची मागची खोलीही नवी करावी, असं शिखाच्या मनात आलं. रंगवाले बोलावले. पेनांची लाकडी पेटी, दौती, कागद, सगळं तिनं स्वतःच्या हातानं वरच्या मजल्यावर नेऊन ठेवलं. खोलीत उरलं ते एक लोखंडी कपाट. पोपटी ऑइलपेंट दिलेलं, खालून गंजलेलं. वरच्या फळ्यांवर जुन्या पंचांगांशिवाय काही नव्हतं. मधला लॉकर बंद होता. त्याची किल्ली कधीच हरवलीय, असं शांतिलालजी वर्षानुवर्षं सांगत आले होते. तिनं वसंता भंगारवाल्याला फोन केला. त्यानं दोन माणसं आणून कपाट टेंपोत घातलं आणि नेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं आटोपून शिखा भिंतीचा रंग बघत उभी होती, तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे शांतिलालजी होते.

"शिखा बेटा, पट्टी काढली. छान दिसतंय. संध्याकाळी निघतोय आम्ही."

"वा पापाजी! या सांभाळून."

"ऐक ना." त्यांचा आवाज एकदम खाली आला. श्रेयांस जवळ नसावा. "श्रेयांस म्हणाला, तू रंगवाले बोलावलेत. माझ्या खोलीत तर नाहीत ना?"

शिखानं ओल्या भिंतीकडे पाहिलं.

"ते कपाट आहे ना, ते कुणाला हलवू देऊ नकोस. आणि आडवं तर बिलकुल करायचं नाही. लॉकरमध्ये शाईच्या बाटल्या आहेत. जुन्या, सीलबंद, गच्च भरलेल्या. आणि..." ते अडखळले. "आणि थोडी पेनं आहेत. चांगली आहेत ती. तुझ्या मम्मीजींना बोलू नकोस. मी नियम घेतला होता ना, त्यानंतरची आहेत."

कपाटाच्या रिकाम्या जागेकडे बघत शिखा म्हणाली, "बरं पापाजी."

"आहे ना कपाट जागेवर?"

डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, डोक्याला ताण नको, रक्तदाब चढायला नको. "आहे," ती म्हणाली. "तुम्ही काळजी करू नका."

फोन ठेवला आणि तिनं तसाच वसंताचा नंबर लावला.

"ताई, ते तर कालच सळयांच्या मिलमधी टाकलं," वसंता म्हणाला. "माझ्या साडूची गाडी एमआयडीसीत चालल्ती, तिच्यातच चढवलं. काय झालं?"

"कुठली मिल?"

त्यानं खुणा सांगितल्या. पाण्याच्या टाकीपासून आत, लाल शेडची. शिखानं स्कूटरची किल्ली उचलली. सुगनबाई पुढच्या खोलीत माळ जपत होत्या. त्यांनी मान वर करून विचारलं, "कुठं निघालीस इतक्या उन्हात?"

"रंग कमी पडतोय मम्मीजी. आलेच." एका तासात ती दोघांशी खोटं बोलली होती.

रस्ताभर तिच्या डोळ्यांपुढे एकच होतं, ते म्हणजे संध्याकाळी दारात उभे राहिलेले शांतिलालजी आणि मागची रिकामी भिंत. एमआयडीसीतल्या रस्त्यावर सळयांनी भरलेले ट्रेलर चालले होते. धुळीनं समोरचं दिसत नव्हतं. लाल शेडच्या मिलपाशी तिनं स्कूटर लावली तर फाटकावरच्या वॉचमननं काठी आडवी धरली.

"बाई माणसाला आत परवानगी न्हाई."

"मग आतल्या कुणाला तरी बाहेर बोलवा. माझ्या घरचं सामान चुकून भंगारात आलंय. मी इथून हलणार नाही."

बऱ्याच वेळानं यार्डाचा सुपरवायझर बाहेर आला. मच्छिंद्र त्याचं नाव. चाळिशीचा, डोक्यावर पिवळं हेल्मेट, चेहरा काजळीनं माखलेला. पिंपळगाव रेणुकाईहून तो रोज मोटरसायकलवर ये-जा करायचा आणि शिफ्ट संपायच्या वेळेला कुणी अडवलं की त्याचं डोकं फिरायचं.

"बोला मॅडम, जल्दी बोला."

"पोपटी रंगाचं कपाट. काल आलंय. त्याच्या लॉकरमध्ये माझ्या सासऱ्यांची पेनं आहेत."

"पेनं?" मच्छिंद्रनं वॉचमनकडे पाहिलं. "मॅडम, हितं दिवसभर गाड्या खाली होऊन राह्यल्या. रोज शंभर कपाटं येतात. दोन पेनांसाठी मी यार्ड उपसू का?"

"साधी पेनं नाहीत ती. जुनी आहेत. पुन्हा मिळायची नाहीत."

"बरोबर आहे तुमचं, पण कपाट आल्याबरोबर घणानं चेपतेत. तुमची पेनं कव्हाच गेली असतील." तो वळला.

"काचेच्या बाटल्या पण होत्या हो आत," शिखा काकुळतीला येऊन म्हणाली. "शाईच्या. त्या फुटल्या असतील तर कुणाला तरी निळा रंग दिसला असेल की नाही?"

मच्छिंद्र थांबला. तोंड फिरवून त्यानं विचारलं, "बाटल्या भरलेल्या व्हत्या का रिकाम्या?"

"भरलेल्या."

"बूच लावलेल्या?"

"हो. जुनी शाई आहे, सीलबंद."

"अन् लॉकरला कुलूप?"

"किल्ली सासऱ्यांकडे आहे."

मच्छिंद्रच्या चेहऱ्यावरचा वैताग क्षणात पुसला गेला. त्यानं वॉचमनच्या खोलीतलं एक हेल्मेट उचलून तिच्या हातात कोंबलं. "डोक्यात घाला अन् माझ्या मागं पळा. लॉकर तुम्हीच वळखणार."

"काय झालं?"

"मॅडम, वितळल्या लोखंडात पाणी गेलं, शाई गेली, की बॉम्बच होतो. लोखंड उलटं वर उडतंय." तो पळत पळतच बोलत होता. "त्यात बंद डबा असला तर इचारूच नका. डबा दिसला की फोडून बघायचा नेम आहे आमच्यात. पण काल शिफ्ट बदलायच्या टायमाला दोन गाड्या एकदम आल्त्या. मीच म्हणलं, करा खाली."

शिखा हेल्मेट सावरत मागं पळत होती. घरून निघताना आपण फक्त पेनं शोधायला निघालो होतो, हे तिला आठवलं आणि स्वतःचीच भीती वाटली.

यार्डात भंगाराचे डोंगर होते. पत्रे, सायकलींचे सांगाडे, मोटारींची दारं. कालचा माल कुठला, म्हणून मच्छिंद्रनं एकाला विचारलं. त्या माणसानं शेडकडे हात केला. कालचा ढीग सकाळपासून भट्टीवर चालला होता. ढिगाच्या कडेला एक पोपटी दार पडलं होतं, बिजागऱ्यांपासून उपटलेलं, मधोमध चेपलेलं.

"हेच!" शिखा ओरडली. "हे आमचंच दार!"

दार होतं, पाठीचा पत्रा होता. लॉकर नव्हता.

मच्छिंद्र शेडकडे धावला आणि ती त्याच्या मागं. आत शिरताच उष्णतेचा लोट तोंडावर आला. आवाज इतका की स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू येईना. लोखंडी जिना चढून वर गेलं की सिमेंटचा ओटा होता आणि ओट्याच्या मधोमध भट्टीचं तोंड. त्यातला उजेड बघवत नव्हता. भट्टीभोवती चार माणसं लांब सळया घेऊन उभी होती आणि ओट्यावर टाकलेलं भंगार थोडं थोडं करून आत ढकलत होती. वरून क्रेन सरकत येत होती. तिच्या टोकाला गाडीच्या चाकाएवढं मॅग्नेट, आणि मॅग्नेटला खालून चिकटलेला भंगाराचा घोस.

शिखानं ओट्यावरचा ढीग नजरेनं चाळला. पत्रे, अँगल, एक फुटकी घमेली. तिनं वर पाहिलं.

मॅग्नेटला लटकलेल्या घोसात, एका सायकलच्या रिमच्या आड, पोपटी रंगाची चौकोनी पेटी होती.

तिनं मच्छिंद्रचा दंड धरला आणि बोट वर केलं. त्यानं पाहिलं. क्रेन पुढे सरकत होती. घोस भट्टीच्या तोंडावर येऊन ठेपत होता. खाली शिवाजी नावाचा कामगार सळई घेऊन भट्टीवर वाकलेला होता. त्याची त्यांच्याकडे पाठ होती.

त्यांच्या मागून आलेल्या एका पोऱ्यानं काय समजायचं ते समजून भिंतीवरच्या मेन स्विचकडे धाव घेतली.

"मेन नको!" मच्छिंद्र घसा फाडून ओरडला. "मेन बंद करू नको! मॅग्नेट सुटंल!"

वीज गेली असती तर मॅग्नेटनं धरलेलं सगळं सरळ खाली पडलं असतं. पोऱ्याला ऐकू गेलं नाही. शिखा त्याच्या जवळ होती. तिनं दोन्ही हातांनी त्याचा शर्ट पाठीमागून ओढला. दोघंही जमिनीवर आपटले. तिचं कोपर सोलवटलं, हेल्मेट घरंगळत गेलं. पडल्या जागेवरून तिनं पाहिलं, मच्छिंद्र ओट्याच्या कडेवर उभा राहून क्रेनच्या केबिनकडे तोंड करून दोन्ही हात डोक्यावर एकमेकांवर आपटत होता. थांब. थांब. थांब.

क्रेन थांबली. घोस झोका घेत भट्टीच्या तोंडावर लटकला. रिम हलली. एक बारका पत्रा सुटून खाली पडला, भट्टीत ठिणग्या उडाल्या आणि शिवाजी दचकून मागं सरला. त्यानं वर पाहिलं, मग मच्छिंद्रकडे पाहिलं, आणि सळई टाकून बाकीच्यांना हातानं मागं रेटायला लागला.

मच्छिंद्रनं हाताचा पंजा हळूहळू आपल्याकडे ओढला. क्रेन सावकाश मागं सरकू लागली. पोपटी पेटी घोसात तिरकी झाली होती. शिखानं डोळे मिटून घेतले, पुन्हा उघडले. घोस भट्टीवरून सरकला, ओट्यावरून सरकला, शेडच्या बाहेरच्या कोरड्या मातीवर आला. तिथं मच्छिंद्रनं मूठ उघडली. सगळं भंगार धाडकन खाली पडलं.

बराच वेळ कुणी जवळ गेलं नाही.

मग मच्छिंद्रनं पहार आणून लॉकर फोडला. आतून निळी-काळी शाई वाहत बाहेर आली आणि मातीत मुरली. दोन बाटल्या फुटल्या होत्या, बाकीच्या धडधाकट होत्या. बुचांवर लाखेचं सील तसंच होतं. त्याखाली मलमलच्या कापडात गुंडाळलेली पेनं होती. काहींची टोपणं चिरली होती. एका हिरव्या पेनाचे, काळ्या रेघांच्या सेल्युलॉइडच्या सुंदर पेनाचे, दोन तुकडे झाले होते. सोन्याची निब मात्र त्याच्या मानेत शाबूत होती.

शिखानं ते सगळं ओढणीत बांधलं. तिचे हात निळे झाले.

मच्छिंद्रचा आवाज आता खाली आला होता. "मॅडम, तुम्ही पाच मिनिटं उशिरा आल्या असत्या तर आज माझी चार माणसं गेली असती, शिवाजी तर वाकलेलाच व्हता. मी मघाशी तुम्हाला फाटकावरून हाकलून देऊन राह्यलो होतो." शिखा हात जोडून निघाली.

संध्याकाळी गाडी दारात आली. काळा चष्मा लावलेले शांतिलालजी श्रेयांसचा हात धरून उतरले आणि चहासुद्धा न घेता थेट मागच्या खोलीत गेले. शिखा तिथंच बसली होती. टेबलावर वर्तमानपत्र पसरून तिनं पेनं आणि बाटल्या मांडून ठेवल्या होत्या. कपाटाची जागा रिकामी होती.

शांतिलालजी दोन पावलं पुढं आले. चष्मा वर करून त्यांनी टेबलावर वाकून पाहिलं. त्यांचा हात पेनांवरून फिरला. "हिरवं? शिखा, हिरवं कुठंय?" मग त्यांना तुकडे दिसले. "अरे देवा. हे कसं झालं? मी तुला सांगितलं होतं ना, हलवू नका म्हणून? तिरकी निब आहे त्याची. अशी निब मी दुसरी पाहिली नाही. काय केलंस तू हे?"

दिवसभर धरून ठेवलेलं शिखाचं सगळं तिथं सुटलं.

"कपाट कालच गेलं होतं, पापाजी. किल्ली हरवलीय असं तुम्हीच सांगत होता. मी भंगारात दिलं. आणि तुमचा लॉकर, तुमच्या शाईच्या बाटल्यांसकट, आज मिलच्या भट्टीवर लटकत होता. बाटल्या आत पडल्या असत्या तर भट्टी उडाली असती. खाली माणसं उभी होती. चार माणसं. एकजण तर वाकलेला होता." तिनं निळे झालेले हात पुढं केले. "आणि तुम्ही मला पेनाचं विचारताय."

शांतिलालजी तसेच वाकलेले राहिले. हिरव्या पेनाचा अर्धा तुकडा त्यांच्या बोटांत होता. तो त्यांनी खाली ठेवला. नंतर खुर्ची चाचपत बसले.

"मी घरून निघाले ती पेनांसाठीच," शिखा हळू आवाजात म्हणाली. "मलाही माहीत नव्हतं. फाटकावर सहज तोंडातून निघालं, बाटल्या आहेत म्हणून. ते निघालं नसतं तर..."

शांतिलालजींनी हात वर करून तिला थांबवलं. ते म्हणाले, "तुझ्या मम्मीजींना बोलाव."

"पापाजी, आज नको. डॉक्टरांनी..."

"बोलाव."

सुगनबाई आल्या. टेबलावरची पेनं बघून दारातच उभ्या राहिल्या. काही विचारायची त्यांना गरजच पडली नाही. शांतिलालजींनी सुरुवातीपासून सांगितलं. नियम घेतल्यावर वर्ष सरायच्या आत हे हिरवं पेन घरात आलं होतं. मग दुसरं, मग तिसरं. दुपारी त्या झोपल्या की लॉकर उघडून ते लिहीत बसायचे आणि लिहिलेला कागद फाडून टाकायचे. मग त्यांनी आज काय घडता घडता राहिलं तेही सांगितलं. सांगताना चष्म्याखालून डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तेव्हा शिखानं स्वच्छ रुमाल पुढं केला.

सुगनबाई रागावतील, रडतील, महाराजांचं नाव काढतील, असं शिखाला वाटत होतं. त्या खाटेच्या कडेवर बसल्या आणि त्यांनी एवढंच विचारलं, "त्या माणसांची नावं काय?"

शांतिलालजींनी शिखाकडे पाहिलं. शिखा म्हणाली, "एक मच्छिंद्र. वाकलेला होता तो शिवाजी. बाकीच्यांची... मी विचारली नाहीत."

"मग उद्या जाऊन विचारा," सुगनबाई म्हणाल्या. "मी पण येते."

सकाळी श्रेयांसनं खूप समजावलं, की धुळीत जाऊ नका, डोळ्याला लागेल. शांतिलालजींनी चष्म्यावरून रुमाल बांधला आणि गाडीत बसले. मिलच्या समोर चहाची टपरी होती. सकाळची पाळी सुरू व्हायची वेळ होती. मच्छिंद्र अजून यायचा होता; पण शिवाजी आणि त्याचे सोबती बाकड्यावर बसून चहा पीत होते. शिखानं त्यांना ओळखलं.

शिवाजी तिशीचा, सडपातळ होता. एवढी माणसं आपल्यासाठी गाडीतून आली हे बघून तो गडबडून उभा राहिला. शांतिलालजी त्याच्यापुढे गेले आणि त्यांनी हात जोडले. "शिवाजीराव, ती पेटी माझी होती. मी ती लपवून ठेवली होती. माझ्यामुळं तुमच्या जिवावर बेतलं होतं. मला क्षमा करा."

"आवो काका, असं नका करू," शिवाजी संकोचून म्हणाला. "आमचं कामच तसलं हाय. तुम्हाला काय ठाव."

"मला ठाऊक नव्हतं, हे खरंय. पण लपवलं होतं हेही खरंय."

शिवाजीनं मान खाली घातली. त्याच्या सोबत्यांनी आपापली नावं सांगितली: वडीगोद्रीचे बबलू आणि रामराव, आणि भोकरदनकडचा गजानन. सुगनबाईंनी एकेकाचं नाव तोंडानं पुन्हा म्हणून पाहिलं.

"घरी सांगितलंत का काल काय झालं ते?" त्यांनी शिवाजीला विचारलं.

"न्हाई." तो कसनुसा हसला. "सांगितलं तर मंडळी कामावर येऊ द्यायची न्हाई. काल रातच्याला झोप न्हाई लागली मला. डोळा लागला की वर ते डबडंच लटकलेलं दिसायचं. तिनं इचारलं, काय झालं. म्हणलं, गरमीनं."

"सांगा तिला," सुगनबाई म्हणाल्या. "आजच सांगा. आमच्या घरात काल कळलं, न सांगितल्यानं काय होतं ते."

शिवाजीनं बाकड्यावरची जागा रिकामी केली आणि शांतिलालजींचा हात धरून त्यांना बसवलं. टपरीवाल्यानं चहाचे आणखी पेले भरले. शांतिलालजींना गरम पेला नीट धरता येईना, चहा सांडला. शिवाजीनं पेला त्यांच्या हातून घेतला, फुंकर घालून निववला आणि पुन्हा त्यांच्या हातात दिला.